अमरावतीची सून, राजकोटची प्राचार्य

प्रश्न : माझ्या वडिलांची अमरावतीच्या वकील मंडळींत ऊठबस होती. ते सांगायचे, की बालवाडीवाल्या ताराबाई मोडक आपल्या गावच्या सून होत्या अन् इथून गेल्यावर काठेवाडात प्रिन्सिपॉल झाल्या. हे खरं काय? अन् खरं असेल, तर एवढी शिकलेली बाई गावानं जाऊ काहून दिली? मी स्वतः उभी हयात खासगी माध्यमिक शाळेत शिकवलं. आमच्या शाळेत निम्म्याहून जास्त बायाच होत्या, पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बाई बसलेली मी निवृत्त होईतोवर पाहिली नाही.
— एक निवृत्त शिक्षिका, दर्यापूर

उत्तर : वडिलांची माहिती खरी. ताराबाई माहेरच्या केळकर. जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबईचा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजातले, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या आणि त्यानंतर अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न होऊन वऱ्हाडात आल्या.

तेव्हाची अमरावती मागासलेली होती असे मात्र समजू नका. १८९७ ची काँग्रेस इथे भरली होती, शंकरन नायर अध्यक्ष होते. दादासाहेब खापर्डे, रंगनाथपंत मुधोळकर, मोरोपंत जोशी अशी माणसे गावात होती. कापसाचा पैसा होता, वऱ्हाडच्या कमिशनरची कचेरी होती. नव्हते ते कॉलेज. किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, निघाले १९२३ मध्ये. नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे. मॅट्रिकच्या पुढे शिकायचे तर मुलग्यांनाही गाव सोडावे लागे. अशा गावात पदवी घेतलेली सून येते तेव्हा तिच्या पदवीला साजेसे काम गावात असणार कुठून? मुलींच्या शाळा होत्या, पण मोजक्या आणि खालच्या इयत्तांच्या. त्या शाळा तपासणाऱ्या सरकारी इन्स्पेक्ट्रेस असत, पण त्या जागा बहुधा गोऱ्या बायकांकडे जात.

१९२१ मध्ये ताराबाईंचा घटस्फोट झाला. पदरात लहान मुलगी होती. अमरावती सुटली ती या कारणाने. गावाने नोकरी नाकारली म्हणून त्या गेल्या, असे म्हणणे सोयीचे वाटेल, पण ते खरे होणार नाही. तुमच्या ‘काहून’ला माझे उत्तर एवढेच, की गावाकडे त्यांना थांबवण्याजोगे काही नव्हते. सासर तुटले आणि गावात दुसरे नाते उरले नाही.

काठेवाडातल्या राजकोटला मात्र होते. तिथले बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज शिक्षिका तयार करणारे. ताराबाई त्या कॉलेजच्या पहिल्या भारतीय प्राचार्य झाल्या. वय तिशीच्या आसपास, एकटी बाई, परका मुलूख, बोलायला गुजराती, आणि हाताखाली अख्खे कॉलेज. आजही अशी नेमणूक झाली तर वर्तमानपत्रात फोटो येईल.

पण ही जागा बाईला मिळाली कशी, हे बघण्यासारखे आहे. समाज उदार झाला होता म्हणून नव्हे. मुलींना शिकवायचे तर शिक्षिका हव्यात. शिक्षिका घडवायच्या तर त्यांना घरापासून दूर वसतिगृहात ठेवावे लागणार. आणि तरुण बायकांच्या वसतिगृहावर पुरुष अधिकारी नेमला तर एकही बाप मुलगी पाठवणार नाही. म्हणून प्राचार्य बाईच हवी. बायकांना शिक्षणातली पहिली अधिकारपदे मिळाली ती पडद्याच्या चालीनेच निर्माण केलेली होती. ज्या रूढीने त्यांना घरात बसवले, तिनेच नाइलाजाने त्यांच्यासाठी ऑफिसात एक खुर्ची टाकली. कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ चे. तिथे पुढे इरावती कर्वे रजिस्ट्रार झाल्या, त्याही बायकांच्याच विद्यापीठात. मिश्र संस्थेतली खुर्ची यायला आणखी बराच काळ लोटला.

ताराबाईंनी ती मिळालेली खुर्चीही सोडली. स्वतःच्या मुलीला कसे शिकवावे या विचारात त्या बालशिक्षणात प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेकांच्या कामाकडे ओढल्या गेल्या आणि प्राचार्यपद टाकून भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेच्या बालमंदिरात रुजू झाल्या. नोकरीच्या हिशेबाने पाहिले तर ही उलटी चाल. प्राचार्याची शिक्षिका झाली, पगार आणि मान दोन्ही गेले. मला स्वतःला त्यांच्या चरित्रातला हा भाग सगळ्यांत जास्त आवडतो, कारण पुढे जे उभे राहिले ते इथे शिकलेल्या गोष्टींवर. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका निघाली, आधी गुजरातीत, मग मराठीत. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. आणि १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र. तिथे शिक्षिका अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

लोक ताराबाईंना बालशिक्षणतज्ज्ञ म्हणतात. मी त्यांना आधी प्रशासक म्हणेन. बोर्डीला त्यांच्यापुढे आलेला प्रश्न अध्यापनाचा कमी आणि कारभाराचा जास्त होता. शाळा आहे, बाई आहे, खेळणी आहेत, पण आदिवासी पाड्यावरची मुले येत नाहीत. सरकारी खाते अशा वेळी ‘पालकांमध्ये अनास्था’ असा शेरा मारून फाइल बंद करते. ताराबाई आणि अनुताईंनी शाळाच उचलून पाड्यावर नेली. अंगणात मुले गोळा करायची, आंघोळ घालायची, गाणी म्हणायची, ही अंगणवाडी. मुले गुरे राखायला कुरणात जातात तर तिथेच शिकवायचे, ही कुरणशाळा. मोठी बहीण शाळेत येत नाही कारण कडेवर धाकटे भावंड आहे, तर त्या भावंडासाठी शेजारीच पाळणाघर. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी विकासवाडी उभी केली. मूल का येत नाही याचा एकेक अडथळा शोधायचा आणि त्या अडथळ्यापुरती व्यवस्था लावायची. शिक्षण खात्यात याला नियोजन म्हणतात, फक्त तिथे ते तालुक्याच्या आकड्यांवरून होते आणि इथे एकेका मुलावरून झाले.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला, त्या गेल्यावर दोन वर्षांनी, आणि तिच्याबरोबर अंगणवाडी देशभर पोचली. आज धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू गावातही अंगणवाडी आहे. अमरावतीहून गेलेल्या बाईचे काम अशा रीतीने, पन्नासेक वर्षांचा वळसा घालून, अमरावती जिल्ह्यात परत आले. गावाला तिचा अभिमान वाटायचा असेल तर या गोष्टीचा वाटावा. सून म्हणून वाटण्यात फारसा अर्थ नाही.

आता तुमच्या शाळेकडे. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा १९७७ चा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली तुम्हाला माहीत असेलच; संचमान्यता आणि सेवाज्येष्ठतेच्या भांडणांत अनेकांची तोंडपाठ होते. मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठ आणि पात्र शिक्षकाला द्यावे, हा त्यातला सर्वसाधारण नियम. पण त्याच नियमात एक कलम असे आहे, की मुलींची शाळा असेल तर तिथल्या सर्वांत ज्येष्ठ पात्र शिक्षिकेला मुख्याध्यापिका करावे, पुरुष शिक्षक तिला ज्येष्ठ असले तरी. बघा, राजकोटच्या कॉलेजमागचा तोच विचार १९८१ च्या राजपत्रात उतरला आहे. कन्याशाळेत बाईच हवी. मिश्र शाळेत मात्र ज्येष्ठता यादीत जो वर तो.

यादी तर स्त्री-पुरुष बघत नाही, मग तुमच्या शाळेत बाई का आली नाही? माझ्या पाहण्यात आलेले कारण असे. यादीत नाव कुठे लागते हे नियमावलीच्या अनुसूची ‘फ’प्रमाणे ठरते आणि तिथे प्रशिक्षित पदवीधर म्हणून तुम्ही कधीपासून धरल्या जाता याला फार किंमत आहे. मुलगा बी.ए., बी.एड. करून चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी लागतो. मुलगी डी.एड.वर लागते, लग्न होते, गाव बदलते, संस्था बदलते, आणि संस्था बदलली की आधीची ज्येष्ठता गेली. बी.एड. होते ते मूल शाळेत जायला लागल्यावर. तोवर तिच्यानंतर लागलेले दोघे-तिघे तिच्या वर जाऊन बसलेले असतात. यादी निःपक्षपाती असते, पण ती ज्या आयुष्याची मोजणी करते ते पुरुषाचे असते. शिवाय आपल्याकडच्या संस्थांत संस्थाचालकाचा जावई, भाचा हा प्रकार असतोच. त्यावर लिहायला वेगळा लेख लागेल.

जाता जाता अमरावतीच्याच आणखी एका बाईंचे नाव सांगतो. २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बायका जमल्या होत्या, बाबासाहेब आंबेडकर हजर होते. त्या परिषदेने कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांना प्रतिनिधित्व मागितले, मुलींसाठी वसतिगृहे मागितली, आणि गिरण्यांत जिथे बायका काम करतात तिथे देखरेखीलाही बाईच असावी अशी मागणी केली. बायकांवर बाई अधिकारी, हा जुनाच विचार. पण राजकोटला तो बापांच्या धास्तीपोटी आला होता आणि इथे कामगार बायकांनी स्वतःच्या संरक्षणासाठी हक्क म्हणून मागितला. विदर्भातल्या शिक्षण प्रशासनाचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर त्याने शिक्षण खात्याच्या अहवालांइतकेच या ठरावांकडेही पाहावे, असे मला वाटते.

प्रश्न : अकोल्यात मनुताई कन्याशाळा आहे, राधादेवी गोयनका महिला महाविद्यालय आहे. बायांच्या नावाच्या संस्था आमच्याकडे कमी नाहीत. पण विद्यापीठाच्या वरच्या खुर्चीत वऱ्हाडात कधी बाई बसली का?
— एक वाचक, जठारपेठ, अकोला

उत्तर : बसली. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले, पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. डॉ. कमल सिंग या त्या विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. म्हणजे अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांच्या पदव्यांवर काही वर्षे बाईची सही होती. तुमच्या घरात त्या काळातली एखादी पदवी फ्रेम करून लावलेली असेल तर पाहा.

मिश्र विद्यापीठाच्या कुलगुरुपदी बाई बसण्याची देशातली पहिली वेळ १९४९ ची. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हंसा मेहता. मुंबई विद्यापीठात १९८६ ला मेहरू बंगाली आल्या, १९९५ ला डॉ. स्नेहलता देशमुख. स्नेहलताबाई मूळच्या शल्यचिकित्सक, शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता राहिलेल्या. त्यांच्या कुलगुरुपदाच्या काळातली एक गोष्ट मला मोठमोठ्या इमारतींच्या भूमिपूजनांपेक्षा महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर वडिलांबरोबर आईचे नाव आले. छापील कागदावर एक रकाना वाढला, एवढेच. पण ज्या मुलाला आईनेच वाढवले त्याला त्या रकान्याची किंमत विचारा. महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदपत्रांत आईचे नाव सक्तीचे केले ते १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी. विद्यापीठाच्या आणि सरकारच्या निर्णयांत पाव शतक गेले.

राज्याच्या पातळीवर पाहायचे तर प्रतिभाताई पाटील. माहेर जळगावचे, सासर अमरावतीच्या शेखावतांचे. १९७७-७८ मध्ये त्या राज्याच्या शिक्षणमंत्री होत्या. राष्ट्रपतिपदामुळे लोक ते विसरतात. त्यांचे यजमान देवीसिंह शेखावत हेही प्राचार्य होते आणि विद्याभारती संस्थेच्या कामात दोघेही होते. मंत्रिपद आणि कुलगुरुपद यांची जात वेगळी, हे मान्य. मंत्री निवडून येतो, कुलगुरूची निवड होते, मुख्याध्यापक ज्येष्ठतेने चढतो. गंमत अशी, की या तीन रस्त्यांपैकी बायांना सगळ्यांत जड गेलेला रस्ता तिसरा, जो दिसायला सगळ्यांत सरळ आहे.

प्रश्न : माझी सून जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. केंद्रप्रमुख म्हणून तिची पदोन्नती होते आहे, पण केंद्र मेळघाटात मिळण्याची शक्यता आहे. घरात सगळे म्हणतात, नकार लिहून दे. मुलगा याच शहरात नोकरीला, नातवंडे लहान. काय करावे?
— एक सासूबाई, परतवाडा

उत्तर : ताई, सासूबाईने हा प्रश्न विचारावा यातच मला अर्धे उत्तर मिळाले. उरलेले सांगतो.

पदोन्नती नाकारत असल्याचे एका ओळीचे पत्र दरवर्षी कितीतरी शिक्षिका देतात. त्यावर कारण ‘कौटुंबिक अडचण’ असे असते आणि कचेरीत ते कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. मग वर्षभराने कोणीतरी भाषणात म्हणतो, की बायांना जबाबदारी नको असते. म्हणून ते पत्र देण्याआधी दोन-तीन गोष्टी पाहा.

केंद्रप्रमुखाकडे दहाएक शाळा असतात. तिथून वर शिक्षण विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, उपशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी असा जिना आहे. वरच्या काही पायऱ्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेनेही चढता येतात आणि सरळसेवा भरतीत महिलांसाठी तीस टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रप्रमुखाच्या काही जागा पदोन्नतीने भरतात, काही मर्यादित विभागीय परीक्षेने. सूनबाईंनी आता नकार दिला तर पुढच्या यादीत नाव केव्हा येईल आणि वेतनश्रेणीवर काय परिणाम होईल, हे जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

पती-पत्नी एकत्रीकरणाची तरतूद जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदली धोरणात आहे आणि तिथे तीस किलोमीटरचे अंतर धरतात. पदोन्नतीच्या पदस्थापनेला ती आपोआप लागू होते असे समजू नका, पण समुपदेशनाच्या वेळी रिक्त केंद्रांची यादी समोर असते, तेव्हा मुलाच्या नोकरीचा दाखला जवळ ठेवून बोलता येते. आणि मेळघाट म्हणजे सगळे एकसारखे नाही. परतवाड्याहून घटांगकडे चढणारा रस्ता आणि धारणीपलीकडचे एखादे कोरकू गाव यांत फार फरक आहे. केंद्र कोणते, मुख्य गाव कोणते, एस.टी. कुठवर जाते, पावसाळ्यात कोणता नाला अडवतो, हे आधी विचारा. नुसते ‘मेळघाट’ ऐकून घाबरणाऱ्यांत मेळघाट न पाहिलेलेच जास्त असतात.

राहिली नातवंडे. ती सांभाळायला घरात कोण आहे, हे तुम्हीच मला सांगायचे. सूनबाईंना जायचे आहे का, हे तुमच्या पत्रात कुठे आले नाही. पहिल्यांदा तिला विचारा, आणि विचारताना घरातले बाकीचे जण बाहेर गेलेले असतील असे पाहा. तिला जायचे असेल तर मुलांच्या शाळेचे वर्ष संपेपर्यंत तुम्ही दोघींनी काय वाटून घ्यायचे ते कागदावर मांडा. जायचे नसेल तर नकाराचे पत्र तिने स्वतःच्या हाताने लिहावे, आणि ‘कौटुंबिक अडचण’ असे न लिहिता खरे कारण लिहावे : वाहन नाही, निवास नाही, पाळणाघर नाही. अशी पत्रे जमली की कधीतरी एखाद्या अधिकाऱ्याला त्यावर काम करावे लागेल.